पावसाच्या सावटात डाव कधी घोषित करायचा?

२०२४ च्या सप्टेंबरअखेर कानपूरच्या ग्रीन पार्कवर भारत-बांगलादेश कसोटीचे तीन दिवस सरले, तेव्हा खेळ झाला होता फक्त ३५ षटकांचा. पहिला दिवस अर्धवट गेला, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी एकही चेंडू पडला नाही. चौथ्या दिवशी बांगलादेश २३३ वर बाद झाला आणि भारताने ३४.४ षटकांत ९ बाद २८५ करून डाव घोषित केला. आघाडी जेमतेम ५२. संध्याकाळच्या ११ षटकांत अश्विनने दोन बळी काढले, पाचव्या दिवशी बांगलादेश १४६ वर आटोपला आणि ९५ धावांचं लक्ष्य भारताने तीन गडी गमावून गाठलं.

चर्चा झाली ती षटकारांची. पण कर्णधारपण शिकणाऱ्याने या सामन्यात बघायचं ते वेगळंच. रोहित शर्माने पावसात गेलेली षटकं परत मिळवली ती लवकर डाव घोषित करून नव्हे, तर आठच्या वर धावगती ठेवून. संघाचं अर्धशतक ३ षटकांत लागलं. ५२ च्या आघाडीवर डाव थांबवणं हा शेवटचा, सोपा भाग होता. कठीण निर्णय पॅड बांधायच्या आधी झाला होता.

या लेखात मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे. पाऊस येणार असेल तर डाव घोषित करण्याचा हिशेब धावांपासून सुरू करू नका, षटकांपासून करा. किती धावा पुरतील हा प्रश्न दुसरा. दहा गडी बाद करायला किती षटकं लागतील, आणि आकाश त्यातली किती देणार, हा पहिला. क्लब, विद्यापीठ किंवा जिल्हा पातळीवर दोन-तीन दिवसांचे सामने खेळणाऱ्या कर्णधारांकडून हा क्रम सर्रास उलटा होतो. "तीनशेची आघाडी झाली की सोडू" असं सकाळी ठरतं, दुपारी ढग येतात, तरी तीनशेचा आकडा काही कुणाच्या डोक्यातून जात नाही.

नाणेफेकीच्या आधी: नियम आणि गुण

नियमात तुम्हाला भरपूर मोकळीक आहे. चेंडू मृत, म्हणजे खेळात नसताना, डावात कधीही घोषणा करता येते. न सुरू झालेला डाव पूर्णपणे सोडूनही देता येतो. समोरच्या कर्णधाराला आणि पंचांना कळवावं लागतं आणि एकदा कळवलं की निर्णय फिरवता येत नाही. म्हणून ड्रेसिंग रूमच्या बाल्कनीतून हात हलवण्याआधी रडार एकदा बघा.

दोन डावांच्या मध्ये १० मिनिटं जातात. कसोटीच्या किमान षटकांच्या गणितात डाव बदलला की २ षटकं वजा होतात. हा खर्च छोटा वाटतो, पण पावसाच्या दिवशी दोन षटकं म्हणजे नव्या चेंडूवरची दोन षटकं.

यापेक्षा महत्त्वाची गुणपद्धत. रणजी करंडकात निर्णायक विजयाला ६ गुण मिळतात, डावाने किंवा दहा गडी राखून जिंकलं तर ७. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला ३ आणि दुसऱ्याला १. दोघांचे पहिले डावच पूर्ण झाले नाहीत तर प्रत्येकी १. जागतिक कसोटी अजिंक्यपदात विजयाला १२ आणि अनिर्णिताला ४. या दोन तक्त्यांमुळे एकाच परिस्थितीत दोन वेगळे निर्णय बरोबर ठरू शकतात. तुमच्या स्पर्धेचा तक्ता पाठ असू द्या, आणि उपकर्णधारालाही.

रणजीच्या पद्धतीतला एक कोपरा फार दुर्लक्षित राहतो, तो म्हणजे पहिला डाव घोषित करणं. चार दिवसांपैकी पहिले दोन दिवस वाहून गेले असं समजा. उरली सुमारे १८० षटकं. तुम्ही प्रथम फलंदाजी करताय आणि १२० षटकं खेळून ४०० केल्या. आता समोरच्याला ५८ षटकं मिळणार. तेवढ्यात ते बाद होण्याची शक्यता कमी आणि तुमच्या पुढे जाण्याची त्याहून कमी. चारशे करूनही हाती एकच गुण. तेच ७५ षटकांत २६० वर थांबलात तर गोलंदाजीला शंभरच्या वर षटकं मिळतात आणि तीन गुणांची खरी लढत होते. यात आघाडी त्यांना मिळण्याचा धोका आहेच. पण १२० षटकं खेळून तुम्ही तो धोका टाळत नाही, तीन गुणांची संधीच सोडून देता.

आकाश वाचताना टक्के नको, तास बघा

"उद्या पावसाची शक्यता ६० टक्के" या वाक्यावर कर्णधाराला काहीही ठरवता येत नाही. पाऊस सकाळी नऊला येणार की दुपारी तीनला, वीस मिनिटांची सर की दिवसभराची रिपरिप, हे कळलं पाहिजे. भारतीय हवामान विभाग पुढच्या तीन तासांचा तात्कालिक अंदाज देतो आणि कुलाबा, नागपूर, गोवा इथल्या डॉप्लर रडारची चित्रं सर्वांना बघता येतात. रडारवरची शेवटच्या तासाभराची चित्रं क्रमाने बघितली की ढग कुठून कुठे सरकताहेत ते दिसतं. तास-दीड तासापुरता हा अंदाज चांगला असतो. त्यापलीकडे रडारवर भिस्त ठेवू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲपही फोनवर असावं, कारण पाऊस न पडता नुसत्या विजांनीही खेळ थांबतो आणि थांबायलाच हवा.

आपल्याकडच्या पावसाच्या तऱ्हा ओळखा. ऑक्टोबरात परतीचा पाऊस असतो तेव्हा सकाळ लख्ख असते, उकाडा वाढत जातो आणि दुपारी अडीच-तीननंतर गडगडाट सुरू होतो. अशा दिवशी शेवटचं सत्र हातचं नाही असं धरूनच चाला. कोकणपट्टीतल्या मोसमी सरी याहून वेगळ्या. येतात, धुऊन जातात, पुन्हा ऊन पडतं. त्यात संपूर्ण सत्र क्वचित जातं, पण दर सरीगणिक थोडीथोडी षटकं गळत राहतात. इंग्लंडमध्ये क्लब क्रिकेट खेळणाऱ्या मराठी मंडळींना तिसरी तऱ्हा ठाऊक आहे. पाऊस हलकाच, पण तो थांबतच नाही, आणि थांबला तरी उजेड नसतो.

पावसापेक्षा जास्त वेळ मैदान वाळायला लागतो. कानपूरमध्ये तिसऱ्या दिवशी खेळाच्या वेळेत पाऊस नव्हता, तरी बाह्य मैदान ओलं राहिल्यामुळे एकही चेंडू टाकता आला नाही. म्हणून सामन्याच्या आदल्या दिवशीच मैदानाच्या माळ्याला गाठून विचारा: अर्धा तास जोराचा पाऊस झाला तर खेळ परत सुरू व्हायला किती वेळ लागतो? पाणी साचतं ती बाजू कोणती? गोलंदाजांच्या रनअपवर कव्हर घालता का? सुपर सॉपर आहे का, की स्पंजने पाणी टिपता? वर्षानुवर्षं ते मैदान राखणाऱ्या माणसाचं उत्तर कुठल्याही ॲपपेक्षा खरं असतं. सुपर सॉपर नसलेल्या साध्या मैदानावर मी वीस मिनिटांच्या जोरदार सरीला दीड तासाचा खेळ गेला असंच धरतो.

षटकांचा हिशेब

आता वही उघडा. स्कोअररकडून एकच आकडा घ्या: या सामन्यात आतापर्यंत एक गडी बाद व्हायला सरासरी किती षटकं लागली. दोन्ही संघांचे मिळून २८ गडी २६५ षटकांत पडले असतील तर साडेनऊ षटकांना एक. शेवटच्या डावात खेळपट्टी झिजलेली असेल आणि तुमचा फिरकीपटू भरात असेल, तर आठ धरा. खेळपट्टी मेलेली असेल तर साडेनऊच ठेवा, दहा केले तरी चालेल. पावसानंतर चेंडू ओला राहणार असेल आणि तुमचा मारा फिरकीवर उभा असेल, तर एक षटक आणखी वाढवा. ओल्या चेंडूवर बोटांची पकड बसत नाही, वळण घटतं. पाऊस तुमची षटकं तर खातोच, शिवाय उरलेल्या षटकांची धारही बोथट करतो.

एक काल्पनिक सामना घेऊ. चार दिवसांचा सामना, तिसऱ्या दिवसाचं चहापान, आपली एकूण आघाडी २१०, हातात पाच गडी. वेळ रणजीची: साडेनऊला सुरुवात, ११.३० ला उपाहार, २.१० ला चहापान, ४.३० ला खेळ समाप्त. आज ३० षटकं उरली आहेत. उद्या ९०, पण अंदाज सांगतो की अडीचनंतर गडगडाट. म्हणजे उद्याची खरी षटकं ६०.

दहा गड्यांना आठप्रमाणे ८० षटकं हवीत. उद्या ६० मिळणार, तर आज २० टाकायलाच हवीत. डाव बदलण्याची २ गेली. फलंदाजीला उरली ८ षटकं. गणित इथेच संपतं. चहानंतर आठ षटकं, आणि त्यात जे होईल ते. षटकामागे सहाच्या गतीने ४८ झाल्या तर आघाडी २५८, लक्ष्य २५९.

इथे बहुतेक कर्णधारांचा धीर सुटतो. पाऊस आलाच नाही तर? मग त्यांना आजची २० आणि उद्याची ९० अशी ११० षटकं मिळतील आणि २५९ साठी षटकाला अडीचही धावा लागणार नाहीत. भीती खरी आहे, तिच्याकडे डोळेझाक करू नका. पण मग दुसरा पर्यायही त्याच वहीत लिहा. संध्याकाळपर्यंत खेळलो, आघाडी ३१० झाली, उद्या ६० षटकं. त्यात दहा गडी बाद करायला सहा षटकांना एक गडी लागेल. सामन्यात आतापर्यंत तसं घडलंय का?

आता दोन्ही पर्यायांना आपल्या अंदाजाने शक्यता द्या. मी उदाहरणापुरते आकडे धरतो. लवकर घोषणा केली तर विजय ५० टक्के, पराभव २०, अनिर्णित ३०. उशिरा केली तर विजय २५, पराभव ५, अनिर्णित ७०. पहिल्या डावाची आघाडी आपल्याकडे असेल, तर रणजीच्या गुणांनी लवकरचा पर्याय सरासरी ३.९ गुण देतो आणि उशिराचा ३.६. फरक थोडा आहे. इथे कर्णधाराला गोलंदाजांचा थकवा आणि गुणतक्त्यातली गरज बघून कुठेही झुकता येतं. पहिल्या डावात आपण मागे असू, तर अनिर्णिताला एकच गुण. मग लवकरचे ३.३ आणि उशिराचे २.२. आता झुकायला जागाच नाही. पहिल्या डावात मागे पडलेला संघ घाबरून जास्त वेळ फलंदाजी करतो, हे मी वारंवार पाहिलंय, आणि हिशेब नेमका त्याच्या उलट सांगतो.

शक्यतांचे आकडे अंदाजच असतात, पण ते लिहून काढल्याने एक फायदा होतो. ड्रेसिंग रूममधला वाद "मला वाटतं" यावरून "पराभवाची शक्यता २० की ३०" यावर येतो. दोन अनुभवी खेळाडूंनी स्वतंत्रपणे आकडे लिहिले आणि ते जुळले, तर निर्णय मनावर घ्यायला हरकत नाही.

लक्ष्य किती पुरेसं

लक्ष्याचा एकच आकडा सगळीकडे चालत नाही. १९७६ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला क्लाइव्ह लॉइडने ६ बाद २७१ वर डाव घोषित करून भारताला ४०३ चं लक्ष्य दिलं. त्या काळी हे अशक्यच मानलं जात होतं. गावसकर आणि विश्वनाथ यांची शतकं झाली, मोहिंदर अमरनाथने ८५ केल्या आणि भारताने ४ बाद ४०६ करून सामना जिंकला. तीन फिरकीपटू घेऊन उतरलेल्या वेस्ट इंडिजला त्या खेळपट्टीवर गडी मिळेनात. लक्ष्य मोठं होतं, गोलंदाजी अपुरी होती.

पाऊस पडून गेल्यावर लक्ष्याचं मोल बदलतं. बाह्य मैदान जड झालं की चौकाराला जाणारा फटका दोन धावांवर अडतो. कोरड्या मैदानावरच्या २७० म्हणजे ओल्या मैदानावरच्या २४० असं मी धरतो. म्हणून सरींच्या दिवशी तीस-एक धावा कमी असताना थांबायला हरकत नसते. कव्हरखाली राहिलेल्या खेळपट्टीत ओलावा साचतो, पहिला तासभर चेंडू टप्प्यावर हलतो. हा तासही गोलंदाजी करणाऱ्याचाच.

खेळपट्ट्या झाकत नसत तेव्हा तर पाऊस म्हणजे घोषणेचं आमंत्रणच असे. १९५० मध्ये ब्रिस्बेनला ओल्या, चिकट खेळपट्टीवर इंग्लंडने ७ बाद ६८ वर डाव सोडला, तर ऑस्ट्रेलियाने आपला दुसरा डाव ७ बाद ३२ वर. ऑस्ट्रेलिया ७० धावांनी जिंकली. त्याआधी १९३७ च्या मेलबर्न कसोटीत इंग्लंडचा कर्णधार गबी ॲलनने ९ बाद ७६ वर डाव घोषित केला. खेळपट्टी सर्वात वाईट असताना ऑस्ट्रेलियाला फलंदाजीला आणायचं तर तो त्याआधीच थांबायला हवा होता. ब्रॅडमनने तळाचे फलंदाज पुढे पाठवून खेळपट्टी सुकेपर्यंत वेळ काढला, मग स्वतः २७० केल्या. सामना ऑस्ट्रेलियाने ३६५ धावांनी जिंकला. पावसाच्या खेळपट्टीवर एका तासाचा उशीर किती महाग पडतो याचं यापेक्षा ठळक उदाहरण मला माहीत नाही.

हे सगळं इतिहासजमा झालं असं समजू नका. मुंबईत १९४८ पासून पावसाळ्यात खेळली जाणारी कांगा लीग उघड्या खेळपट्ट्यांवरच मोठी झाली. डॉ. एच. डी. कांगा यांच्या नावाच्या या स्पर्धेत आझाद मैदानावर, क्रॉस मैदानावर, शिवाजी पार्कात कितीतरी पिढ्यांनी ओल्या खेळपट्टीवर बॅट धरायला शिकून घेतलं. तिथल्या कर्णधाराला ११० धावांवरही डाव सोडायचं धाडस करावं लागतं, कारण ऊन पडून खेळपट्टी सुकण्याआधी समोरच्याला आत आणायचं असतं.

धावगती आधी वाढवा, घोषणा नंतर

आठ षटकांत ४८ धावा हव्या असतील तर तसा निरोप फलंदाजांना आधी गेला पाहिजे. "जरा वाढव" हा निरोप नव्हे. "चहानंतर आठ षटकं, पन्नास हव्यात, बाद झालास तरी चालेल" हा निरोप. बारावा खेळाडू पाणी घेऊन जाईल तेव्हा हेच शब्द घेऊन गेला पाहिजे. बाद झालं तरी चालेल हे कर्णधाराने तोंडाने बोलावं लागतं. नाहीतर संघातली जागा टिकवायला धडपडणारा पोरगा आपल्या ३० धावा सांभाळतच खेळणार, आणि त्यात त्याची चूक नाही.

फलंदाजीचा क्रमही बदला. तंत्रशुद्ध सातव्या क्रमांकाच्या आधी फटकेबाज नववा पाठवा. डावरा-उजवा जोडी ठेवली तर क्षेत्ररक्षण दर धावेला हलतं. मात्र त्यात समोरचा संघ वेळ काढणार हेही लक्षात ठेवा, पंचांना त्याची जाणीव करून द्या.

डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिस्बेनला पॅट कमिन्सने हेच केलं. पावसाने सामन्याची चाळण झाली होती. ऑस्ट्रेलियाने दुसऱ्या डावात १८ षटकांत ७ बाद ८९ करून डाव घोषित केला आणि भारतापुढे ५४ षटकांत २७५ ठेवल्या. भारताच्या बिनबाद ८ झाल्या आणि पाऊस व अंधूक प्रकाशाने सामना थांबला तो थांबलाच. निकाल लागला नाही, तरी माझ्या मते निर्णय निर्दोष होता. सात गडी गमावले, पण ते गडी त्या क्षणी कुठल्याच कामाचे नव्हते.

उलट टोकाला वेलिंग्टन, एप्रिल २००९. धोनीच्या संघाने चौथ्या दिवशी सकाळीही फलंदाजी सुरू ठेवली आणि न्यूझीलंडपुढे ६१७ चं लक्ष्य ठेवलं. शेवटच्या दिवशी न्यूझीलंड ८ बाद २८१ वर असताना पाऊस आला. दोन गडी राहिले. मालिकेत भारत १-० ने पुढे होता, अनिर्णित सामन्यानेही मालिका मिळत होती, ती मिळालीही. त्यामुळे धोनीची सावधगिरी समजू शकते. तरी सहाशेच्या पुढच्या धावांनी संघाला कुठलंही संरक्षण दिलं नाही, त्या धावांनी फक्त षटकं खाल्ली.

एजबॅस्टनला जुलै २०२५ मध्ये शुभमन गिलने ६०८ चं लक्ष्य दिलं तेव्हाही उशीर झाल्याची टीका झाली. पाचव्या दिवशी सकाळी पावसाने १० षटकं गेली, ८० उरली. आकाशदीपने सहा गडी बाद केले आणि भारत ३३६ धावांनी जिंकला. विजय दणदणीत होता, पण दुपारी आणखी एक सत्र वाहून गेलं असतं तर वेलिंग्टनचीच आठवण निघाली असती. निकाल चांगला लागला म्हणून त्या घोषणेची वेळ नमुना म्हणून घेऊ नका.

नेमका क्षण

शक्यतो विश्रांतीच्या वेळी घोषित करा. उपाहार, चहापान किंवा दिवसअखेरीला थांबलात तर डाव बदलण्याची १० मिनिटं त्या विश्रांतीतच मावतात.

सगळ्यात फुकट घोषणा होते ती पावसाच्या थांब्यात. खेळाडू आत बसलेत, कव्हर पडलीत, तुम्ही लक्ष्याच्या पंधरा-वीस धावा अलीकडे आहात. पुष्कळ कर्णधार तेव्हा "पाऊस थांबला की तीन षटकं मारू, मग सोडू" म्हणतात. ती तीन षटकं आणि त्यानंतरची १० मिनिटं मिळून पाच षटकं जातात. वीस धावांसाठी पाच षटकं हा सौदा ओल्या मैदानावर क्वचितच परवडतो. आत बसल्या बसल्या घोषणा करा. सलामीवीरांना ओलावा असलेल्या खेळपट्टीवर थंड हातांनी उतरावं लागू द्या.

दिवसाचा खेळ संपताना घोषणा करावी की सकाळी? आकाशाचा भरवसा नसेल तर रात्री जाहीर करायची घाई नको. सकाळी रडार पाहून ठरवा. रात्रभर मुसळधार पाऊस पडून पहिलं सत्र गेलं तर तुमचा सगळा हिशेब बदललेला असेल. पण निर्णय झाला की ताबडतोब कळवा. समोरच्या कर्णधाराला खेळपट्टीवर रोलर फिरवायचा हक्क आहे. तुम्ही उशिरा कळवलंत आणि त्याला वेळ उरला नाही, तर रोलरचा वेळ खेळातून कापला जातो. नुकसान तुमचंच.

खेळाडू शतकाजवळ असेल तर? जानेवारी २०२३ च्या सिडनी कसोटीत उस्मान ख्वाजा १९५ वर नाबाद होता, तिसरा दिवस पावसात वाहून गेला आणि चौथ्या दिवशी कमिन्सने ४ बाद ४७५ वरच डाव घोषित केला. सामना तरीही अनिर्णित राहिला. ख्वाजाचं द्विशतक हुकलं ते हुकलंच. मला तो निर्णय बरोबर वाटतो. मात्र खेळाडूला हे मैदानातून परत येताना कळू नये. चहापानाला त्याच्याजवळ बसून सांगा: "अमुक षटकापर्यंत तू आहेस, त्यात होईल ते तुझं." मुदत माहीत असली की तो ती गाठायचा प्रयत्न करतो, आणि तुम्हाला हवी असलेली धावगतीही त्यातूनच मिळते.

फॉलोऑन आणि सोडलेला डाव

फॉलोऑन म्हणजे पहिल्या डावात मागे पडलेल्या संघाला लगेच पुन्हा फलंदाजीला लावणं. पाच दिवसांच्या सामन्यात त्यासाठी २०० ची आघाडी लागते, तीन-चार दिवसांच्या सामन्यात १५०, दोन दिवसांच्या १००, एका दिवसाच्या ७५. पण पहिल्या दिवशी खेळच झाला नाही, तर उरलेल्या दिवसांचा सामना धरून ही मर्यादा खाली येते. पाच दिवसांचा सामना दुसऱ्या दिवशी सुरू झाला तर १५० पुरतात. ही गोष्ट विसरून पन्नास धावा जास्त करत बसणारे कर्णधार असतात, तेव्हा आधी पंचांकडून पक्कं करून घ्या.

पाऊस असताना फॉलोऑन द्यावा का, याचं उत्तर विराट कोहलीच्या दहा दिवसांतल्या दोन निर्णयांत आहे. २०१८ च्या मेलबर्न कसोटीत २९२ ची आघाडी असूनही त्याने फॉलोऑन दिला नाही, कारण हातात वेळ भरपूर होता. दुसरा डाव ८ बाद १०६ वर सोडला. पाचव्या दिवशी पहिलं सत्र पावसात गेलं, तरी उरलेले दोन गडी काढून भारत १३७ धावांनी जिंकला. लगेच पुढच्या सिडनी कसोटीत ३२२ ची आघाडी होती आणि पावसाने दिवस खाल्ले होते. तिथे त्याने फॉलोऑन दिला. पाचवा दिवस पूर्ण गेला आणि सामना अनिर्णित राहिला, पण ज्याच्याकडे वेळ नाही त्याने मध्ये स्वतःचा डाव घालायचा नसतो.

दोन्ही कर्णधारांनी ठरवून एकेक डाव सोडून द्यायचा, ही वाट इंग्लंडच्या तीन दिवसांच्या काउंटी सामन्यांत पूर्वी नेहमीची होती. कसोटीत ती जानेवारी २००० मध्ये सेंच्युरियनला वापरली गेली. तीन दिवस वाया गेल्यावर दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिएने इंग्लंडच्या नासिर हुसेनसमोर प्रस्ताव ठेवला, दोघांनी एकेक डाव सोडला आणि इंग्लंडने २४९ चं लक्ष्य दोन गडी राखून गाठलं. त्यामागे सट्टेबाजाचे पैसे होते हे नंतर उघड झालं. क्लब पातळीवर असा प्रस्ताव मांडायचाच असेल तर तो पंचांच्या उपस्थितीत, दोन्ही संघांना माहीत असलेल्या कारणासाठी मांडा.

घोषणेनंतरचा पहिला तास

दिवसाची ९० षटकं ही किमान मर्यादा आहे, कमाल नव्हे. दोन्ही टोकांनी फिरकी लावली आणि क्षेत्ररक्षक धावत जागा बदलत असतील, तर तासाला १५ ऐवजी १८-१९ षटकं सहज होतात. अडीचला गडगडाट येणार असेल तर सकाळच्या दोन सत्रांत अशी सात-आठ षटकं जास्त काढता येतात, म्हणजे तुमच्या हिशेबातला जवळजवळ एक गडी. यष्टीरक्षकाला हे काम द्या: षटक संपलं की चेंडू थेट पुढच्या गोलंदाजाच्या हातात गेला पाहिजे.

ढग दाटले की उजेडही जातो. पंचांनी लाईट मीटर काढला की वेगवान गोलंदाज बाजूला ठेवून फिरकी आणा, खेळ थोडा लांबतो. त्यासाठी फिरकीपटूला नवा चेंडू धरायची सवय सरावातच लावलेली हवी. आणि सीमारेषेबाहेर राखीव खेळाडूकडे कोरडे टॉवेल आणि लाकडाच्या भुशाचं पोतं असू द्या. ओला चेंडू दर चेंडूनंतर पुसायचा, पण तो पंचांच्या नजरेसमोरच.